हातउसनं

कायानीच्या इस्पितळाचं तळघर,
नोव्हेंबर, पहाटेचे तीन,
माझी दुसरीच रात्रपाळी.
पडद्यावर आकडे: एकूण चौसष्ट गिगाबाइट,
मोकळी मेमरी – अर्धासुद्धा नाही.
धस्स झालं.
कुणीतरी खातंय, म्हणालो स्वतःशीच,
आणि एकेका प्रोसेसचे खिसे चाचपत बसलो.
चोर सापडेना.

वहीत एक आज्ञा उतरवून ठेवली होती,
कॅशे झाडून टाकणारी.
ती दिली.
क्षणात साठ गिगाबाइट मोकळे,
पाहुणे येण्याआधीच्या खोलीसारखे लख्ख.
मी कॉफी ओतली.

पहिला फोन तिसऱ्या मजल्यावरून:
फुफ्फुसाचा फोटो उघडत नाहीये.
दुसरा प्रसूती विभागातून.
इतका वेळ गप्प असलेल्या डिस्क
करकरू लागल्या,
जणू एकाच खिडकीशी साऱ्या स्टेशनाची रांग.

राइली केम्प्पाइनेन आली तेव्हा
तिच्या टोपीवरचा बर्फ वितळायचा होता.
तिने आकडे पाहिले. मला नाही.

"मोकळी म्हणजे काय रे?
वीज खायची आणि काम शून्य.
कर्नलनं हातउसनी दिली होती ती, फायलींना.
डिस्कपर्यंत एवढी पायपीट करून आणलेलं पान
लगेच कशाला टाकायचं? राहू दे हाताशी.
तीच नर्स तोच फोटो दहा मिनिटांनी पुन्हा मागते.
आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागलीच
तर त्याच पावली परत. व्याज नाही, कुरकुर नाही.
ज्याच्याकडे बरेच दिवस कुणी फिरकलं नाही
ते पान आधी जातं.
हा आकडा नसतो बघायचा. शेजारचा बघ,
'उपलब्ध' लिहिलंय तो."

सगळीच पानं अशी सुखानं जातात?

"कोरी जातात.
म्हणजे जशी आणली तशीच राहिलेली. मूळ प्रत खाली आहेच.
मळलेली नाही जात.
ज्यांच्यावर नवं काही लिहिलंय
आणि खाली अजून पोचलेलं नाही,
ती आधी उतरवावी लागतात.
एका हिवाळ्यात वीज गेली,
तीस सेकंदांची पानं गेली माझ्या हातून.
एका बाळाची जन्मवेळ होती त्यात.
आईला विचारून पुन्हा लिहिली.
तिनं सांगितली ती.
मशीनला कोणती ठाऊक होती, देव जाणे."

फोन हळूहळू थांबले.
आम्ही पाचपर्यंत बसून होतो.
मोकळीचा आकडा उतरत गेला,
चाळीस, अठरा, सात, दोन,
आणि डिस्कची करकर त्याच्याबरोबर विझत गेली.
खिडकी नव्हती तिथे, नाहीतर
बाहेरही असाच बर्फ भरत असणार
सायकलींच्या सीटवर, रिकाम्या बाकांवर,
जिथे जिथे कुणी बसलेलं नाही तिथे.

फेब्रुवारीत ती निवृत्त व्हायची होती.
त्याआधीचे तीन महिने
रोज रात्री जाड वहीत काही उतरवायची:
कोणत्या पंख्याला थोपटलं की तो चालतो,
कोणत्या सर्जनला फोनवर आधी ओरडू द्यायचं.
मी डोकावलो की हात आडवा.
"शाई ओली आहे अजून."

मग तिची खुर्ची मोकळी झाली.
आठवडाभर.
आता तिच्यावर माझा कोट असतो,
दोन केबली, कधी डबा.
कुणी बसायला आलं
की उचलतो.