खळ

हल बंदर, १९४१

पहाटे चारला बादलीत खळ ढवळायची:
किडकं पीठ, कढत पाणी, चिमूटभर तुरटी.
मग सायकलला शिडी बांधून
हेसल रोड, गोदीचं फाटक, माशांच्या वखारी.
चिकटवणारे पुरुष सैन्यात गेले,
भिंती आमच्याकडे आल्या.

चित्रात लाल टोपीची एक बाई
दुसरीच्या कानाशी लागलेली,
मागे समुद्रात तिरकी होत चाललेली बोट.
खाली ठळक अक्षरं: तुम्ही बोललात, तो बुडाला.
बोलणारी नेहमी बाईच काढायचे.

भिंतीला कान असतात, सगळेच सांगतात.
तोंडं मी चिकटवली.

रेडिओवर आमच्या शहरालाही नाव नव्हतं.
रात्रभर घरं पडायची आणि सकाळी ऐकायचं,
ईशान्य किनाऱ्यावरच्या एका शहरात थोडं नुकसान.

मंगळवारी बर्फ कारखान्यातला ऑस्वाल्ड बिल्टन
शिडी धरायला थांबला
आणि वर न बघता म्हणाला,
तुझ्या शेजारणीच्या हॅरल्डची बोट. पाणसुरुंग.
कुणी वाचलं नाही म्हणतात.
म्हणतात, असं दोनदा म्हणाला.
लाल टोपीखाली हवेचा एक बुडबुडा राहिला होता,
तो काढायला मला फार वेळ लागला.

याच ऑस्वाल्डने मागे थर्केटलबाईंच्या पोराला मारलं होतं.
पोरगं नाताळला घरी आलं, धडधाकट.
आईचे पांढरे झालेले केस
काही परत काळे झाले नाहीत.

एडना आणि मी, मधे एका विटेची भिंत.
बोट सुटते त्या दिवशी आमच्यात कपडे धूत नाहीत,
धुतले तर माणूस वाहून जातो.
एडना त्याची उशीसुद्धा झटकत नसे.

संध्याकाळी ती लोकरीची लड घेऊन आली.
हात पुढे कर, म्हणाली.
मी केले, बेड्या घालून घ्यायला करावेत तसे.
ती गुंडाळत राहिली, निळी लोकर, त्याच्या मोज्यांची.
माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, गल्लीला ठाऊक.
तो तीळ अकरा दिवस भिजला.

अकरा दिवसांत एक मोजा पुरा झाला,
दुसऱ्याची टाच वळली.
रेशनमधली त्याच्या वाटणीची साखर
बरणीत बोटभर वर चढली.

तारवाल्या पोऱ्याने चुकून माझंच दार वाजवलं.
मी नुसतं बोट दाखवलं.
तेही बोलणंच होतं का, कोण जाणे.

बोटीचं नाव अजून सांगत नाही मी. सवय.

तुला माहीत होतं का, असं एडनाने कधीच विचारलं नाही.
पुढच्या उन्हाळ्यात, त्याचा शर्ट पहिल्यांदा
धुऊन दोरीवर घालताना, तोंडात चिमटा धरून,
एवढंच म्हणाली:
त्या दिवशी लोकर सारखी गुंतत होती.
तुझे हात स्थिर नव्हते.