कॉफीचं पाणी

हात धुऊन ये, सिदोनी. परत धू.
नखात कोळसा राहिला तर तो लेसवर बोलतो.
आणि पाणी विहिरीचं घे,
ब्रुजच्या कालव्यात अख्खं गाव आपली पापं खळबळून काढतं.

हे गाठोडं बघ. सहा वार, कोरी,
पांढरी इतकी की डोळ्यांत जाते.
विणणारी तळघरात बसली होती
दिव्यापुढे पाण्याचा काचेचा चंबू ठेवून,
तळहाताला पीठ लावून, घाम येऊ न देता.
आता ही आपण मळवायची.

हसू नकोस.

कॉफी एक मूठ, चिकोरी दोन.
मस्यू देलप्लास म्हणतो नुसती कॉफी वापरा.
तो पीत असेल नुसती कॉफी.
लेस आधी साध्या पाण्यात भिजव,
कोरडी टाकलीस तर डाग धरते
आणि डाग धरला की तुझा आठवडा गेला.
बुडव. तीनदा नमो मरिया म्हणून होईतो थांब.
ओला रंग खोटं सांगतो,
वाळला की दोन पायऱ्या खाली उतरतो.

पॅरिसात ही आजीची म्हणून विकतील.
कुणाच्या आजीची ते आपण विचारायचं नाही.

माझी आई ब्रसेल्सला होती, सफेद्याच्या खोलीत.
तिथे उलटं काम:
बोटांनी मळलेली विणीची फुलं कागदात घालायची,
वर सफेदा भुरभुरायचा आणि थापटायचं,
पांढरी दिसेपर्यंत थापटायचं.
थोडा सफेदा लेसवर बसे, बाकीचा तिच्यात.
हिरड्यांवर निळी रेघ होती तिच्या, बारीक,
उंची लिननच्या काठाला असते तशी.
चाळिशीआधी मनगटं लोंबायला लागली.
कप मी धरायची.

माझा पहिला काळा रंग तिच्यासाठीच.
मायफळं कुटली, गंजके खिळे सिरक्यात रात्रभर.
काळा आला, खणखणीत काळा.
लोखंडाचा काळा धागा खातो
हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं.
पाचव्या वर्षी पेटी उघडली
तर शोकाचा रुमाल घडीघडीवर तुटलेला,
उचलला आणि बोटांत भुगा.

टोपी मात्र आहे. तिच्या लग्नातली.
तिला मी काहीच केलं नाही.
आपापली पिवळी झाली,
घडीवर जास्त, कानाशी कमी,
एका जागी तर अजून जवळजवळ पांढरी.
गेल्या हिवाळ्यात भाडं थकलं, तेव्हा देलप्लासला दाखवली.
खिडकीशी नेली त्यानं, चष्मा कपाळावर सारला.
म्हणाला, रंग एकसारखा नाही,
जुनी वाटत नाही,
जरा कॉफीत बुडवून आण.

भाडं मी दुसरीकडून उभं केलं.

पुरे, उचल आता.
पिळायची नाही ग, फडक्यात दाबायची, बाळाचं डोकं पुसावं तशी.
टाचण्या त्या डबीत आहेत, पितळेच्या.
लोखंडाची एकही
या घरात सापडायची नाही तुला.