पेव

तेजल हळिंगळेनं तिसऱ्या बाकावरून विचारलं,
मॅडम, न्यू लिहिलं की नेमकं होतं काय?
मी फळ्यावर चौकोन काढला, त्याच्याकडे जाणारा बाण काढला,
आणि हरिपूर आठवलं.

अण्णू ऐनापुरे, आमच्या अडतीवरचा पेवकरी,
नदीकाठच्या रानात टाचेनं जमीन ठोकत चालायचा.
पोकळ वाजलं तर मोकळं, मुकं वाजलं तर भरलेलं.
"किती पोती?" एवढंच विचारायचा.
सेलम की राजापुरी, कुणाची, कशाला,
त्याला देणंघेणं नाही.
सी अशीच बोलते.
किती बाइट ते सांगा, हा घ्या पत्ता,
आत मागच्या सालची धूळ असेल,
तुमची तुम्ही झाडा. जाताना रिकामं करून जा.

जावा जरा घरंदाज.
न्यू म्हटलं की पेव सारवलेलं, पाला अंथरलेलं मिळतं,
वर एक गडी:
ज्याची चिठ्ठी कुणाच्याच खिशात उरली नाही
ते पेव तो सवडीनं उपसतो. कधी, ते विचारू नका.
पायथॉन न्यू हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही,
नाव घ्यायचं, कंस उघडून मिटायचा,
वस्तू दारात उभी.
आणि रस्ट म्हणते, चिठ्ठी एकाच्याच हातात.
दुसऱ्याला दिलीस? मग तू ऊठ.

(अडतीतल्या थप्पीचं हे काही नव्हतं.
शेवटी चढलेलं पोतं पहिलं उतरायचं,
संध्याकाळी फरशी मोकळी, हमाल घरी.)

वडिलांच्या वहीत पेवांचे नंबर होते.
पाच सालच्या पुरात वही भिजली,
शाई पानभर पसरली, निळी, सुंदर,
आणि सोळा पोत्यांचा पत्ता गेला.
हळद गेली असं कुणी म्हणेना. हळद होती.
आत पाणी शिरलं असेल, नसेल.
तिच्याकडे जाणारा बाण तेवढा राहिला नव्हता.

अण्णू दोन महिने रान ठोकत हिंडला.
ठप. ठप. ठप.
सगळी जमीन ओली, सगळीकडे एकच आवाज.
शेवटी ओट्यावर टेकून टाच चोळत म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या मालक. जिमिनीला काय जड झालंय?"
वडील हसले नाहीत.
आता तिथं ऊस आहे, एक मंगल कार्यालय,
आणि त्याचं पार्किंग.

मॅडम, तेजल म्हणाली, बाणाच्या टोकाला काहीच नसलं तर?

मी सांगितलं: पेव उघडलं की अण्णू आधी कंदील सोडायचा.
दोरीवर, हळूहळू, पंचवीस फूट.
ज्योत टिकली तर माणूस उतरायचा.
विझली तर झाकण तसंच उघडं ठेवून
सगळे चिंचेखाली बसायचे,
तंबाखू मळत, दुपारभर.

तिनं वहीत लिहिलं: आधी कंदील.
खाली दोन रेघा मारल्या.
परीक्षेत हे चालणार नाही,
हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.