नऊ ग्रॅम

केळीची कापणी चालू होती.
घडाच्या दांड्याला चिकटून तो खाली आला,
माझ्या करंगळीएवढा,
आणि सुरमलने शर्टाच्या खिशातून उपकेंद्रात आणला,
तापातलं पोर आणतात तसा:
आधी बराच वेळ दारात, मग एकदम टेबलावर.

माझा काटा बाळं टांगायचा,
शंभर ग्रॅमच्या खाली तो बोलत नाही.
म्हणून अडावदच्या पेठेत विसपुते सोनारांकडे गेले.
त्यांनी काच पुसली, श्वास धरला,
म्हणाले, नऊ. तोळ्याला एक कमी.
घट धरायची का, सिस्टर?

गुरांचे डॉक्टर म्हणाले, म्हैस असती तर सांगितलं असतं.
तरी चष्मा कपाळावर सारून वाकले.
डोळे खोल गेलेत: पाणी कमी.
जबडा बोटाला लवतो: कॅल्शियम कमी.
हे तर माझं रजिस्टरही सांगतं, रोज, पानोपान.
फक्त 'आईचे नाव' या रकान्यात
काय लिहायचं ते कळेना.

पहिल्या दिवशी चुकले.
वाटीत पाणी ठेवलं, त्याने वाटी पाहिलीच नाही.
मग गाल दाबून ड्रॉपरने घातलं,
पोलिओचा डोस घालते तसं,
आणि त्याच्या नाकपुडीवर एक बुडबुडा आला.
तो काळा पडला. शेपटीपर्यंत. तव्यासारखा.
अठरा वर्षं सुई धरणारे हात
मी पदराखाली लपवले.

दुसऱ्या दिवशी मुदत संपलेली सलाईनची नळी
कढीपत्त्याच्या कुंडीवर टांगली.
मिनिटाला वीस थेंब, साधं पाणी.
पान ओलं झालं, चमकलं, पुन्हा वाळलं.
तिसऱ्या बाटलीला
त्याने पानाच्या टोकावरचा थेंब
स्वतःहून तोंडात घेतला.

ऊन साडेसातपर्यंतचं. काचेतून आलेलं नाही, उघडं.
नंतर सावली, कारण नऊ वाजता इथे पत्राही तडकतो.
नाकतोडे लहान, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढे,
त्यांच्यावर गरोदर बायांच्या गोळीतली
चिमूटभर पांढरी पूड.
हातात घ्यायचं नाही, कितीही वाटलं तरी.

आशाताई उंबऱ्याच्या आत येत नाही.
म्हणे त्याने बघितलं की माणूस वाळतं.
मी म्हटलं, मग त्याला कोणी बघितलं असेल?

तडवी गार्ड आले, टोपी काढली, कुंडीभोवती एक फेरी मारली.
पाळायचा नाही हा, बाई. कायद्यात आहे.
माहीत आहे.
निदान कुंपणापर्यंत धावू द्या त्याला,
मग मला फोन करा.

लोक म्हणतात सरडा रंग बदलतो,
जणू शब्द फिरवतो.
मला तर अख्ख्या बीटमध्ये हा एकच भेटला
जो दुखणं अंगावर लिहून बसतो.
बाकी सगळे म्हणतात, बरं आहे सिस्टर.
सुरमलची आईसुद्धा तेच म्हणाली,
बाळाच्या दंडावर माझी पट्टी
हिरवं सोडून, पिवळं सोडून
लाल रंगावर थांबली होती तेव्हा.
चोपड्याला भरती करू म्हटलं
तर म्हणाली, कापणी झाल्यावर.

कापणीला अजून आठ दिवस आहेत.

आज त्याची जीभ दोनदा हुकली.
तिसऱ्यांदा नाकतोडा नव्हता पानावर,
आणि मी एकटीच टाळी वाजवली.

रात्री तो चुन्यासारखा फिका होऊन झोपतो.
बॅटरीवर रुमाल धरून
मी त्याची बरगडी मोजते, घड्याळ लावून, पूर्ण मिनिट,
न्यूमोनियाच्या बाळाची मोजते तशीच.
सुरमल पायरीवर बसलेला असतो.
ताई, जगी का?

कोण, ते तो सांगत नाही.
मी बोट ओठावर ठेवते.
चौदा. पंधरा.
मोजू दे.