पायाचं माप

दर रविवारी पेट्रोल पंपाशी व्हॅन थांबायची.
ड्रायव्हर नावं पुकारायचा, आम्ही खोकी उचलायचो:
कॉफी, पास्ता, साबण, आणि तळाशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेले सांदूचे जोडे.
वहीच्या कागदावर त्याचा पाय ठेवून
मीच पेन्सिल फिरवायचे, टाचेशी त्याला गुदगुल्या व्हायच्या.
कागद इटलीला जायचा, जोडे यायचे,
तोवर पाय पुढे गेलेला असायचा.
आई नेहमी एका नंबरानं मागे.

सहा वर्षं.
बाबा मॉस्कोत भिंती बांधता बांधता
कुठल्या भिंतीआड गेले, कळलं नाही.
मी तेरा वर्षांची होते, तो चारचा.
चुलीत मक्याची बुरकुंडं सारायला,
अक्रोड सोलून काळी पडलेली बोटं लिंबानं घासायला,
तापात तो "आई" म्हणाला की "ओ" द्यायला
मी आपोआप शिकले.
जमेल का, असं कुणी विचारलं नाही.

आता आम्ही पादोव्यात, तिसऱ्या मजल्यावर.
घर सिन्योर ऑत्ताव्यो यांचं, वय नव्वद.
आई त्यांना सफरचंद किसून भरवते,
ओठाची कड पुसते,
आणि त्यांच्याशी ज्या आवाजात बोलते
तो आवाज फोनवर आमच्यापर्यंत
कधी आलाच नव्हता.
सांदू दाराच्या चौकटीला टेकून बघत राहतो.
मला त्या म्हाताऱ्याचा राग येत नाही,
असं मी त्याला सांगते.
खोटं सांगते.

शाळेनं चिठ्ठी पाठवली: मुलगा बोलत नाही,
वाढ मागे आहे, दोन इयत्ता खाली बसवतो.
आईनं वाचून दाखवताना एक वाक्य गाळलं.
ते तिथं होतं, हे मला तिच्या मानेवरून कळलं.
मागे?
हा पोरगा कोंबडी सोलतो,
महिनाअखेरीला उरलेले लेई मोजून पावाचा हिशेब लावतो,
कुत्रं कसं झोपलंय त्यावरून सांगतो
उद्या बर्फ पडेल की नाही.

मग एका रात्री स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला.
पलीकडच्या खोलीतून. पांघरुणाखालून.
"आई, कशी आहेस? जेवलीस?"
ती उठली, दाराकडे निघाली.
मी तिचा दंड धरला, नको म्हणून मान हलवली.
ती बसली. आवंढा गिळला.
"जेवले. तिकडे पाऊस आहे का रे?"
"आहे. तुझ्याकडे?"
"माझ्याकडेही."
मधे वीतभर जाडीची भिंत.
पाऊण तास बोलले दोघं,
चाळीस दिवसांचं तुंबलेलं सगळं: कोण ढकलतं, कोण हसतं,
कुठल्या मुलीनं न मागता खोडरबर दिलं.
मी कपबश्या विसळत होते,
विसळलेल्याच पुन्हा.

हल्ली तो दार किलकिलं ठेवून फोन करतो.
मला रात्री कुणी हाक मारत नाही.
मोकळं वाटायला हवं, एकोणीस वर्षांची आहे मी.
पण संध्याकाळी हात नुसते मांडीवर पडून असतात,
कुणाच्या तरी घरी पाहुणे आल्यासारखे.

शनिवारी जोडे घ्यायला गेलो.
पाय समोर होता, उघडा,
पट्टीवर टेकलेला, अंगठा हलवत.
दुकानातली बाई म्हणाली, चौतीस.
आई म्हणाली, पस्तीस द्या,
पोचेपर्यंत वाढेल.