एकास सत्त्याऐंशी

मोरेश्वर हटवारांनी हिंगण्याचा कारखाना लेकीच्या हाती दिला
हे शनिवारी कळलं,
आणि रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर
आम्ही पाचही जण वेळेच्या आधी हजर.
वेळेच्या आधी पोचणारी गाडी
फक्त आमच्याच टेबलांवर धावते.

पितळ बंद, म्हणे.
गजभियेंना मोतीबिंदू, एका केसाच्या ब्रशनं
डब्यावर नंबर लिहिणारं आता कोणी नाही.
यापुढं इंजिनं मशीनमधून छापून निघणार, थरावर थर,
रात्री लावायचं, सकाळी तयार.
"दह्यासारखं," निमजे म्हणाला,
आणि कोणी हसलं नाही.

उमाठ्यांचं छोट्या लाइनीचं इंजिन
तीन वर्षांपासून बुक आहे. पावती खिशातच असते.
निमजेला डायमंड क्रॉसिंग हवं,
गावात आहे, पण गावच्या कारखान्यानं ते कधी केलं नाही.
म्हातारा म्हणायचा, "ते जाऊन पाहाचं असते बे,
घरी नेऊन ठेवाचं नसते."
आता लेक तरी काढील, निमजेची आशा.

माझी काळजी गच्चीवरच्या खोलीची.
इंजिन लहान होतं, पूल लहान होतो, सिग्नल काडीएवढा होतो,
मे महिन्यातलं नागपूरचं ऊन
काही सत्त्याऐंशी पटीनं लहान होत नाही.
पितळ तापतं, निवतं, पुन्हा धावतं.
तुमचा तो दह्याचा डबा
दुपारी तीन वाजता माझ्या खोलीत काय करील?

हे विचारायलाच गेलो आम्ही, कूलर लावलेल्या ऑफिसात.
वृंदा हटवार. बोटांना निळा रंग, बोलणं कमी.
तिनं टेबलावर एक डबा ठेवला, किंचित वाकलेला, केळीसारखा.
"हा पूर्ण मे महिना आमच्या गच्चीवर होता," म्हणाली.
"म्हणून यंदा काही काढत नाही. पुढच्या वर्षी काढू.
किंमत वाढेल. साचे विकलेले नाहीत, कोणी काही म्हणो."
उमाठ्यांनी पावती दाखवली.
तिनं ती वाचली, बापाची सही होती तिथं जरा थांबली,
परत दिली.

मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्हाला काय हवं?"

मला तयारी नव्हती.
एकतीस वर्षं मी रेल्वे डाकेत सॉर्टर,
नागपूर ते भुसावळ, भुसावळ ते नागपूर, रात्रीचा,
दिव्याखाली उभा, आकोला या खणात, बडनेरा त्या खणात.
बाहेर पुलं जात होती म्हणतात, नद्या जात होत्या,
मी पत्ते वाचत होतो.
तो डबा चालताना बाहेरून कसा दिसतो
मी एकदाही पाहिलेलं नाही.
लोकांच्या लेआउटवर राजधानी असते, मालगाडी असते.
लाल डाकेचा डबा कोणी केलाच नाही.

एवढं सगळं मी बोललो नाही.
म्हटलं, "डाकेचा डबा."

ती उठली, टेप घेऊन आली.
"फलाटावरून लोक पत्र टाकत, ती फट
आतून किती उंचीवर होती?"
आकडा मला आठवेना.
हात मात्र उठला आपोआप आणि छातीशी थांबला,
गाडी सुटताना शेवटचं पत्र झेलायला थांबायचा तसाच.
तिनं जमिनीपासून माझ्या तळव्यापर्यंत मोजलं.
एकशे बावीस.
भागिले सत्त्याऐंशी.

"चौदा मिलिमीटर," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं.
करीन म्हणाली नाही. नाही करणार, असंही म्हणाली नाही.

हात खाली घ्यायला मला थोडा वेळ लागला.
तेवढ्यात उमाठे मागून,
"अन् माह्या पावतीचं?"