रेघ

बिल दिलंय. सही आहे, शिक्का आहे,
गिअरबॉक्स ऑइल साडेआठ लिटर,
वॉशर दोन, मजुरी वेगळी.
कागदाला तेलाचं बोट लागलंय,
पण बोट काय, कुणीही लावतं.

मागं एकदा जतला फसलो होतो.
पैसे नव्या तेलाचे, पोटात जुनंच काळं,
आणि विजापूरच्या अलीकडे तिसरा गिअर हातात आला,
म्हणजे नुसता दांडा, गिअर नाही.
दोन रात्री बाभळीखाली. मागं कांदा भरलेला.
तो वास अजून केबिनच्या गादीला आहे;
मला येतो,
बायकोला येत नाही.

म्हणून ह्या खेपेला, गाडी इलाही मिस्त्रीकडं लावायच्या आदल्या रात्री
लेकीची नेलपॉलिश उचलली. लाल, चमकी असलेली.
टॉर्च दातात धरून गाडीखाली सरकलो.
तळच्या बोल्टपासून कवचापर्यंत एक बारीक रेघ,
बाजूच्या लेव्हलच्या बोल्टला दुसरी.
बोल्ट फिरला तर रेघ मोडणार.
नाही फिरला तर ओळख मोडणार.
वीस वर्षांची ओळख,
आणि मी उताणा पडून तिला चमकी लावतोय.

सोमवारी गाडी कुपवाडला घराशी आली.
चहा ठेवू का म्हणाली, थांब म्हटलं.
पोतं अंथरलं, आत गेलो.

बोल्टाभोवतीचा चार पावसाळ्यांचा चिखल खरवडलेला.
वॉशर नवा, तांब्याचा,
चिंचेनं घासलेल्या ताम्हणासारखा.
लाल रेघा दोन्ही मोडलेल्या,
अर्धी बोल्टावर, अर्धी कवचावर, चुकामूक झालेली.
आणि त्यांच्या शेजारी
पिवळ्या ऑइलपेंटच्या दोन नव्या रेघा.
सरळ. पट्टीनं ओढल्यासारख्या.
माझ्या थरथरलेल्या होत्या.

म्हणजे त्यानं पाहिलं.
पाहिलं, आणि काही बोलला नाही.
चावी देताना फक्त म्हणाला, सावकाश चालव दोन दिवस.

इथं थांबता आलं असतं.
पाना हातात होता.

लेव्हलचा बोल्ट फिरला, पिवळी रेघ तुटली.
करंगळी आत घातली,
पहिल्याच पेराला तेल, काठोकाठ,
मधाच्या रंगाचं, नाकात चढणारा गंधकाचा वास,
जळका नाही. बोटांत चोळलं, कणसुद्धा नाही.
केबिनमागं कॅनमध्ये जुनं तेल ठेवलेलं, न मागता,
आणि चिंधीत बांधलेला चुंबकावरचा गाळ,
काळ्या लोण्यासारखा,
त्यात एक टवका, कुठल्यातरी दात्याचा, नखाएवढा.
हे सगळं आधी पाहिलं असतं तर.

बोल्ट परत आवळला.
पिवळे दोन तुकडे समोरासमोर आणायला गेलो,
वाव राहिला गव्हाभर.
आणखी आवळला तर आटे जातात.
सैल सोडला तर तेल.

"झालं का?" वरून आवाज आला.
"झालंय."
"काय?"
"काम. चहा ठेव."

गुरुवारी हळद उतरवून येताना शिरवळला पाइपा भरल्या.
खंबाटकीच्या चढाला, चौथ्यातून तिसऱ्यात घेताना,
कुर्र.
बारीक. क्लच दाबून परत घेतला. परत कुर्र.
तेव्हा आठवलं, गाडी लावली त्याच सकाळी तो सांगत होता,
रिंग गेलीय तिसऱ्याची, तेलानं नाही भागायचं,
पैशाची जुळणी झाली की आण, उघडू.
मी मान हलवत होतो.
ध्यान सगळं खालच्या रेघेवर.

आता दिवाळीच्या आत गाडी त्याच्याकडंच लावायची.
तो पोतं अंथरेल, चष्मा कपाळावर घेईल,
आधी बाजूचा बोल्ट बघेल.
गव्हाएवढी फट.

लेक घरभर बाटली शोधतेय.
माझ्या डॅशबोर्डात आहे, हळदीच्या पावत्यांखाली.
देईन तिला.
आज नाही.